सुरतेच्या वखारीतली वाईन: पिंप, सोरा आणि तळघराचा प्रश्न

सुरतेच्या जुन्या शहरातून हेरिटेज वॉक निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "फिरंगी लोक इथे तळघरात फ्रान्सची वाईन मुरवत ठेवायचे." ऐकणाऱ्यांना ते आवडतं. ज्या राज्यात दारूबंदी आहे, तिथल्या जमिनीखाली कधीकाळी बोर्दोची पिंपं झोपली होती, ही कल्पना चटकदार आहेच. पण मी तीस वर्षं कारखान्यात उष्णता, दाब आणि पाइप यांच्याशी झगडलेला माणूस. इतिहास हा माझा नंतरचा नाद. त्यामुळे असं वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न पडतो तो तापमानाचा: किती अंशाला ठेवायचे?

या निबंधात तोच प्रश्न घेतला आहे. सतराव्या शतकात सुरतेला युरोपची, विशेषतः फ्रान्सची वाईन येत होती का, आली तर कशी टिकत होती, कोण पीत होतं, आणि ती 'मुरवण्यासाठी' तळघरं होती या म्हणण्यात किती तथ्य आहे?

शब्दांनी ठेवलेला पुरावा

आधी आपल्या स्वयंपाकघरात डोकावू. ज्याला आपण 'पिंप' किंवा 'पीप' म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज 'पिपा'वरून आला. पिपा म्हणजे वाईनचं लाकडी पिंप. बाटलीचं 'बूच' हेही पोर्तुगीज 'बुचा'वरून आलेलं. म्हणजे पाणी भरायचं पिंप आणि तेलाच्या बाटलीचं बूच, दोन्हींची नावं पश्चिम किनाऱ्यावर फिरंगी गलबतांतून उतरली. शिराझहून येणाऱ्या वाईनसाठी काचेचा मोठा फुगीर बुधला असे, त्याला फारसीत 'कराबा' म्हणत. त्याचंच इंग्रजीत 'कारबॉय' झालं. रसायनांच्या कारखान्यात आम्ही आम्लाचे कारबॉय वर्षानुवर्षं हाताळले, पण हा शब्द शिराझच्या वाईनवाल्यांचा आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

एवढ्यावरून एक गोष्ट पक्की होते. वाईन येत होती, आणि ती येत होती पिंपांतून आणि कराब्यांतून. आज डोळ्यांपुढे येते तशी आडवी ठेवलेली, बूच मारलेली बाटलीबंद वाईन तेव्हा नुकती जन्माला येत होती. जाड, मजबूत काचेची बाटली इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीवर बनू लागली ती १६३०च्या आसपास. तिचा प्रसार व्हायला पुढची काही दशकं गेली. आणि बोर्दोची त्या काळची साधी लाल वाईन हलकी असे, ती वर्षभरात पिऊन संपवायची अशीच रीत होती. नवी वाईन आली की जुनीचा भाव उतरायचा. तेव्हा 'फ्रेंच वाईन मुरवणं' ही गोष्ट १६६०-७०च्या फ्रान्समध्येच फारशी रुजलेली नव्हती, मग सुरतेची काय कथा!

सुवाळीच्या किनाऱ्यावर

सुरतेची खरी गोदी म्हणजे तापीच्या मुखाजवळचं सुवाळी. मोठी जहाजं तिथे नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांनी किंवा होड्यांनी शहरात येई. युरोपातून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायला सहा-आठ महिने घ्यायचं. या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागतं. म्हणजे वाईन आपल्या किनाऱ्याला लागायच्या आधीच दोन उन्हाळे भोगून आलेली असे.

सर टॉमस रो १६१५ साली इथेच उतरला. तो पुढे अजमेरला जहांगीरच्या दरबारी पोचला, आणि तिथून त्याने कंपनीला कळवलं की बादशहा आणि शहजादा यांना लाल वाईनइतकं दुसरं काही प्रिय नाही. सुरतेच्या सुभेदाराने थोडीशी वर पाठवली होती, तेव्हापासून आणखीची मागणी चालू आहे. या वाईनच्या चार-पाच नीटस पेट्या पाठवल्या तर लंडनच्या जवाहिऱ्यांकडच्या रत्नापेक्षा त्यांचं स्वागत जास्त होईल, असा त्याच्या सल्ल्याचा मथितार्थ. इथे लक्षात घ्या, पेट्या चार-पाच. हा व्यापार नव्हे, ही भेटवस्तू आहे.

किमतीचा अंदाज बर्निएकडून मिळतो. हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात दिल्लीत राहिला. तो सांगतो की दिल्लीत वाईन मिळे ती दोन प्रकारची. एक शिराझची: ती बंदर अब्बासहून समुद्रमार्गे सुरतेला यायची आणि तिथून ४६ दिवसांत दिल्लीला पोचायची. दुसरी कॅनरी बेटांची: ती डच लोक सुरतेला आणत. सुमारे तीन इंग्रजी पाइंटांच्या बाटलीला सहा-सात क्राऊन पडत, म्हणजे साधारण बारा-चौदा रुपये. डच व्यापारी पेल्सार्टने १६२०च्या दशकात नोकराचा पगार महिन्याला तीन-चार रुपये नोंदवला आहे. हिशेब सोपा आहे: एका बाटलीत नोकराचे तीन-चार महिने.

आता गंमत बघा. लिहिणारा फ्रेंच, पण त्याच्या यादीत फ्रान्सची वाईन नाही. शिराझ आणि कॅनरी आहेत. का, ते पुढे बघू.

फ्रेंच वखार

फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनी १६६४ साली स्थापन झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली. फ्रेंच वखार उभी राहिली १६६८ साली, फ्रांस्वा कारोंच्या हाताखाली. हा कारों आधी डचांच्या चाकरीत होता, त्यामुळे पूर्वेकडचा व्यापार त्याला पाठ होता. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांची दुसरी स्वारी झाली तेव्हा फ्रेंचांनी मराठ्यांशी समझोता केला आणि त्यांची वखार वाचली. आपल्याकडे या प्रसंगाची चर्चा नेहमी तलवारीच्या अंगाने होते. पण वखार म्हणजे शेवटी माल साठवण्याची जागा. वाचली ती कापडाची गाठोडी, मसाले, नीळ आणि वखारवाल्यांचं खाणंपिणं.

पुढे मात्र फ्रेंचांचा सुरतेत जम बसला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीवर स्थानिक सावकारांचं कर्ज एवढं चढलं, की फ्रेंच जहाजांना सुरतेच्या बंदरात यायलाच धास्ती वाटे. व्यापाराचं केंद्र पाँडिचेरीकडे सरकलं. तरी कागदावर सुरतेतली ही फ्रेंच 'लोज' टिकून राहिली, आणि भारताच्या ताब्यात आली ती थेट ऑक्टोबर १९४७ मध्ये. सुरतेच्या मध्यभागी २७९ वर्षं फ्रान्सचा एक तुकडा होता, हे आजच्या कितीतरी सुरतवासीयांना माहीत नसतं.

टेबलावर काय होतं?

१६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन तरुण सुरतेच्या इंग्रज वखारीत पाहुणा होता. वखारीत रोज प्रार्थना होई. शुक्रवारी प्रार्थना आटोपली की ज्यांच्या बायका मायदेशी होत्या ती मंडळी जमून त्यांच्या नावाने प्याले उचलत, आणि काही जण या निमित्ताने झेपेल त्यापेक्षा जास्त घेत, असं तो लिहितो. प्यायला असे स्पेनकडची सॅक, नाहीतर दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचं मिश्रण. तेच पुढे 'पंच' म्हणून जगभर गेलं.

पन्नासेक वर्षांनी ओव्हिंग्टन हा पाद्री इथे आला. त्याच्या वर्णनात रोजच्या जेवणाला शिराझची वाईन आणि अरकाचा पंच आहे. युरोपची वाईन आणि इंग्लंडची बिअर सणावाराला, कारण ती महाग. मधल्या पन्नास वर्षांत गोष्ट फारशी बदलली नव्हती: रोज प्यायचं ते जवळचं, आणि दूरचं ते दिवाळीच्या फराळासारखं, मोजून.

या पिण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पायी हिंदुस्थानात आलेला इंग्रज प्रवासी टॉम कोर्याट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेला पोचला तेव्हा हगवणीने बेजार होता. वखारीतल्या देशबांधवांनी प्रेमाने त्याला विलायतेहून आलेली सॅक दिली. त्याने ती हौसेने घेतली, दुखणं वाढलं आणि काही दिवसांत तो गेला. रोचा पाद्री टेरी याने हे नोंदवून ठेवलं आहे. सुवाळीजवळ राजगरीला कोर्याटची म्हणून दाखवली जाणारी कबर आजही आहे. सुरतेच्या इंग्रज आणि डच कबरस्तानांतले भव्य घुमट आपण फोटोसाठी बघतो, पण त्यांच्या आसपास निजलेली बहुतेक माणसं ऐन तारुण्यात गेलेली. उकाडा, दूषित पाणी, ताप आणि त्यावर उतारा म्हणून तीव्र मद्य, हे चक्र होतं.

अभियंत्याचा हिशेब

आता मूळ प्रश्न. फ्रान्सची हलकी वाईन इथे का टिकत नव्हती?

पहिलं कारण तापमान. फ्रान्समधलं चांगलं तळघर १० ते १३ अंशांवर असतं. सुरतेचं वर्षाचं सरासरी तापमान सुमारे २७-२८ अंश. रसायनशास्त्रातला ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. १५ अंशांच्या फरकाने वेग जवळजवळ तिप्पट. म्हणजे तिकडचं एक वर्ष इकडे चार महिन्यांत उरकतं. आणि सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे वाईन नुसती लवकर 'मुरत' नाही, वेगळ्याच वळणाने जाते. कैरी झाडावर पिकणं आणि उन्हात सुकणं यात जो फरक आहे, तोच.

दुसरं कारण जिवाणू. वाईनचा शिरका करणारे जिवाणू २५ ते ३० अंशांत सर्वांत जोमाने वाढतात. हे तर सुरतेचं नेहमीचं हवामान! त्यांना लागते फक्त हवा. लाकडी पिंपातून वाईन सतत थोडी थोडी उडून जाते, उकाड्यात जास्तच. वर पोकळी राहते, पोकळीत हवा भरते, आणि काम सुरू. उपाय म्हणून डच व्यापारी पिंपात गंधकाची वात जाळत. फ्रेंचांनी तिला नावच 'डच काडी' दिलं होतं. पण सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाला ते पुरेसं नव्हतं.

तिसरं कारण प्रसरण. आजची ७५० मिलिलिटरची बाटली १२ अंशांवरून ३२ अंशांवर नेली तर आतली वाईन सुमारे चार मिलिलिटरने फुगते. बाटलीच्या अरुंद मानेत याचा अर्थ दीड सेंटिमीटर चढ. बुचाखाली जागा असते तीही साधारण तेवढीच. मग दाब बुचावर येतो. दिवसा फुगणं, रात्री आकसणं, असं रोज झालं की बूच म्हणजे एक छोटा पंपच. थोडी वाईन बाहेर, थोडी हवा आत.

म्हणून उष्ण प्रदेशात टिकल्या त्या जास्त मद्यार्काच्या, गोड किंवा ब्रँडी मिसळलेल्या वाईन. मदिरा बेटावरची वाईन तर गलबतात तापून सुधारते असा अनुभव आला, आणि मग ती मुद्दाम हिंदुस्थानची वारी करून परत विकली जाऊ लागली. फ्रेंच सरकारलाही आपली वाईन परदेशी पोचेपर्यंत बिघडते हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापर्यंत छळत होता. तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून लुई पाश्चरने वाईनच्या रोगांचा अभ्यास केला आणि १८६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वाईन ५०-६० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवली की जंतू मरतात, हे त्याने दाखवलं. नंतर ब्रेस्ट बंदरातून 'जाँ बार' या जहाजावर तापवलेली आणि न तापवलेली अशी दोन्ही वाईन चढवली. दहा महिन्यांनी तापवलेली चांगली होती, दुसरी आंबटली होती. आपल्या दुधाच्या पिशवीवरचा 'पाश्चराइज्ड' हा शब्द या वाईनच्या भानगडीतून आलेला आहे.

थंड कशी करत?

टिकवणं जमत नसलं तरी पिण्यापुरतं गार करणं जमत होतं, आणि ती विद्या इथलीच. ऐन-ए-अकबरीत सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती दिली आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात घालायचा, त्यात शेरभर पिण्याच्या पाण्याची जस्ताची किंवा चांदीची बंद सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो. माझ्या हिशेबाने या प्रमाणात १० ते १५ अंशांचा उतार सहज मिळतो. पाणी आटवलं की सोरा पुन्हा हाती. हाच सोरा बंदुकीच्या दारूत जातो आणि गुजरातेतून जहाजांनी बाहेरही जाई. एकाच पोत्यातून तोफेची दारू आणि पेल्यातला गारवा!

वाळ्याच्या ताट्या आणि ओल्या कापडात गुंडाळलेली सुरई हा दुसरा मार्ग. पण बाष्पीभवनाचा गारवा कोरड्या हवेत जास्त. बुऱ्हाणपूर-आग्ऱ्याला मे महिन्यात तो छान मिळतो. सुरतेच्या दमट हवेत तो अर्ध्यावर येतो.

आणि तळघर?

राहिला तळघराचा दावा. जमिनीखाली काही मीटर खोल गेलं की उन्हाळा-हिवाळा जाणवत नाही, तापमान वर्षभर स्थिर राहतं. हे खरं. पण ते स्थिर राहतं कुठे? त्या गावच्या वार्षिक सरासरीवर. बोर्दोत ती १३-१४ अंशांच्या आसपास, सुरतेत २७-२८. म्हणजे सुरतेत कितीही खणलं तरी बोर्दोचं तळघर सापडणार नाही. शिवाय तापी दर काही वर्षांनी शहरात शिरते. ऑगस्ट २००६ आपण विसरलेलो नाही. महागडा माल जमिनीखाली ठेवणारा व्यापारी सुरतेत फार दिवस व्यापारी राहिला नसता.

मग ही 'वाईनची तळघरं' आहेत तरी काय? जुन्या शहरातल्या अशाच एका घरात, घरमालकांच्या परवानगीने, मी टेप घेऊन उतरलो. चारी भिंतींना आणि तळाला चुन्याचा घोटीव गिलावा, कोपरे गोलाकार. वर जायला एकच चौकोनी तोंड, दोन फुटांचं, म्हणजे ६१ सेंटिमीटर. आणि गच्चीवरून खाली येणारी एक नळी. बोर्दोचं २२५ लिटरचं पिंप पोटाशी सुमारे ७० सेंटिमीटर रुंद असतं आणि भरलेलं असताना अडीचशे किलोच्या वर भरतं. ते या तोंडातून आत जाणारच नाही. ज्याला पिंपं ठेवायची त्याला रुंद दार लागतं, पिंप गडगडत न्यायला उतार लागतो. घोटीव गिलावा आणि गोल कोपरे मात्र एकाच गोष्टीला लागतात: पाणी धरून ठेवायला.

ते टांकं होतं. पावसाचं पाणी गच्चीवरून उतरवून वर्षभर पिण्यासाठी साठवायची जागा. भरूच आणि सुरतेच्या जुन्या घरांत, विशेषतः पारशी घरांत, अशी टांकी होती. भरतीचं खारं पाणी तापीतून शहरापर्यंत चढायचं, विहिरीही खारवटायच्या. अशा गावात टांक्यातलं अंधारात राहिलेलं स्वच्छ पाणी म्हणजे जीव. वखारीतल्या ज्या तरुणांनी पाण्याच्या भीतीने अरक जवळ केला, त्यांच्या शेजारच्या गल्लीत या प्रश्नाचं उत्तर घराघरात जमिनीखाली भरलेलं होतं.

माझा आग्रह एवढ्यासाठीच. 'वाईन सेलर' म्हटलं की पाहुणे खूश होतात, पण त्या एका नावाने सुरतकरांनी स्वतः बांधलेली जलव्यवस्था फिरंग्यांच्या खाती जमा होते. घर पाडायची वेळ आली की 'दारूचं तळघर' म्हणून ते विनासंकोच भरावाने बुजवलं जातं. टांकं म्हणून ओळखलं, तर निदान कुणी गच्चीची नळी साफ करून पाहील.

मंडळाच्या सभासदांना विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी तळघर दाखवलं तर चार गोष्टी टिपून आणा: तोंडाची रुंदी, गिलावा कसा आहे, कोपरे काटकोनी की गोल, आणि गच्चीवरून नळी उतरते का. जमल्यास तळाशी थर्मामीटर अर्धा तास ठेवा. अशी वीस-पंचवीस घरं नोंदवली गेली, तर जुन्या सुरतेच्या टांक्यांचा नकाशा आपल्या हाती येईल.